बुधवारची बदली

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. फोन हंसाबेनचा. "सुनंदाबेन, आपली विजूबेन गया... सकाळी, झोपेतच," एवढं बोलून ती रडायला लागली. आणि मी म्हणाले, "नक्की?" माणूस गेल्याच्या बातमीवर 'नक्की?' असं विचारणारी बाई मुलुंडमध्ये दुसरी नसेल. पण मला खरोखरच संशय आला होता, कारण ही विजूताई यापूर्वी एकदा मरणाच्या दारात जाऊन आली होती आणि ते चक्क नाटक होतं. हंसाबेनचे यजमान जयंतीभाई पॅरालिसिसच्या झटक्यानंतर घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. लोक बघतील, हसतील, हे एकच पालुपद. विजूताईनं निरोप धाडला की मी फार आजारी आहे, जयंतीभाईंना एकदा डोळे भरून बघायचंय. तो भला माणूस काठी टेकत जिना उतरला, रिक्षा करून मुलुंडहून नाहूरला तिच्या घरी पोचला, तर ही फरशीवर पाय पसरून सुके बोंबील निवडत बसलेली! जयंतीभाई कट्टर जैन. एक हात लुळा, दुसऱ्यात काठी, त्यामुळे नाकाला रुमाल लावायचीही सोय नाही. तसेच श्वास रोखून उभे. "इलात मा घराबाहेर? मगे झाला तर!" म्हणाली आणि बोंबलांचं सूप बाजूला सरकवून चहा टाकायला उठली. म्हणून हंसाबेनचा हा फोन आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, आता हिला आणखी कोणाला घराबाहेर काढायचंय? पण हंसाबेनला असलं नाटक जमणारं नव्हतं. रडणं खरं होतं. आतल्या खोलीत हे खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी गॅस बंद केला, पोहे तसेच ठेवले, आणि ह्यांना काहीच सांगितलं नाही.

ह्यांना झटका आला त्याला आता दोनेक वर्षं होत आली. उजवी बाजू गेली आणि बरोबर वाचाही गेली. आमचे हे म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, विमा कंपनीत जन्म गेला, सभेत उभे राहिले की समोरचा वकील असला तरी गप्प बसायचा. माझंसुद्धा बोलणं दुरुस्त करायचे. अशा माणसाच्या तोंडून आता घशात अडकल्यासारखा एक आवाज तेवढा यायचा. हॉस्पिटलमध्ये होतो तोवर बेल दाबली की सिस्टर यायची. मग एक दिवस फाइल हातात दिली, गोळ्यांची पिशवी दिली, 'व्यायाम करून घ्या, धीर धरा' असं सांगितलं आणि घरी पाठवलं. मुलगी बंगळुरूहून येऊन राहून गेली. ती गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो, आणि मला कळलं की आता बेल दाबायची कुणासाठी... सिस्टर मीच, वॉर्डबॉयही मीच. माझी एकच धडपड होती, ह्यांनी माझ्याशी पुन्हा बोलावं. भांडावं, चूक काढावी, काहीही. घरातली ती शांतता मला खायला उठायची.

अशात एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक बुटकी बाई, पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. "तू सुनंदा मा? पेशंट खंय आसा?" ओळख ना देख, एकदम अगं-तुगं! माझं नाव हिला कोणी सांगितलं, ह्यांच्याबद्दल कसं कळलं, याचा पत्ता मला शेवटपर्यंत लागला नाही. ती टेलिफोन ऑफिसातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली, त्यामुळे कोणाची खबर कुठून काढायची हे तिला पाठ. हॉस्पिटलातून घरी आलेल्या अशा पेशंटांची घरं ती एकमेकांना जोडून देते, असं म्हणाली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही डायपरची एजंट असणार. नाहीतर कुठल्या तरी तेलाची. नाहीतर कोणा नगरसेवकाची माणूस, किंवा मग सत्संगवाली, आज पेशंट बघते आणि उद्या गुरूंचा फोटो आणून भिंतीला लावते. मी तिला नुसतं पाणी दिलं. चहा विचारला नाही. आणि तिनं मला 'तू' म्हटलं तरी मी तिला 'तुम्ही' म्हणायचं ठरवलं, ते तिच्या शेवटापर्यंत पाळलं. अंतर ठेवलेलं बरं असतं.

तेव्हा मी ह्यांना वरण-भात भरवत होते. उजवा हात गेलेला, आणि डाव्या हाताने जेवणं आमच्या घरात कोणाला कधी सुचलंच नव्हतं. सासूबाई असत्या तर ताटच ओढून घेतलं असतं. म्हणून मी भरवायची, पुसायची, चूळ भरायला लावायची. विजूताई बघत राहिली. मग म्हणाली, "डाव्या हातान जेवलो तर देव काय थोबाडीत मारतलो?" मी म्हटलं, "आमच्या घरातलं आम्ही बघू." ती हसली. "तां तर दिसताच आसा. तू उचलतंस, तू भरवतंस, तू पुसतंस. मगे ह्या माणसान करूचा काय?" मला असा राग आला म्हणता! पण जाता जाता तिनं जी योजना सांगितली, ती ऐकून रागापेक्षा संशयच वाढला. तिचे वडील गिरणीत बदली कामगार होते. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, ते उभे राहायचे. विजूताईनं तोच शब्द उचलला होता. दर बुधवारी दुपारी 'बदली'. म्हणजे मी हंसाबेनच्या घरी जाऊन जयंतीभाईंपाशी बसायचं आणि हंसाबेननं माझ्या घरी येऊन ह्यांच्यापाशी. आपल्या माणसाची धडपड आपल्याला बघवत नाही, आपण धावत जाऊन सगळं करून टाकतो; परक्याची बघवते, असं तिचं म्हणणं. म्हणून बदलीवाल्यानं पेशंटला काही करून द्यायचं नाही, पडत असला तर धरायचं, बाकी हात मांडीवर. मी म्हटलं, पाणी कुठे तरी मुरतंय. पण हो म्हणाले. एक तर मला त्या घरातून तासभर सुटका हवी होती. आणि दुसरं म्हणजे, हिचा डाव काय आहे ते मला बघायचं होतं.

जयंतीभाईंच्या घरातली ती पहिली दुपार मी विसरणार नाही. ते एका हाताने मोसंबं सोलत होते. मोसंबं पळायचं. टेबलाच्या कडेपर्यंत जायचं, ते पुन्हा ओढून आणायचे, अंगठ्याने साल उचकटायचे, पुन्हा ते निसटायचं. मी मांडीखाली हात दाबून बसले होते. असं वाटत होतं की हिसकावून घ्यावं आणि एका मिनिटात सोलून फोडी समोर ठेवाव्यात. पण माझं मोसंबं नव्हतं, नवराही माझा नव्हता. शेवटी त्यांनी ते सोललं, त्याची पार वाट लागली होती, रस सगळ्या टेबलावर... आणि त्यातली एक चेंदामेंदा झालेली फोड त्यांनी मला दिली. "लो बेन, खाऊन बघा. माझ्या हातचा." मी खाल्ली. गोड होती की आंबट, ते काही आठवत नाही. पण परत येताना रिक्षात माझं डोकं भलतीकडेच चालायला लागलं. इथे मी अशी हात बांधून बसले, म्हणजे तिथे हंसाबेनही माझ्या नवऱ्यासमोर अशीच बसली असणार. मग तिथे काय काय चाललं असेल?

पुढच्या काही बुधवारी मी घरी आले की एखाद्या पोलिसासारखी खोली बघायची. खुर्ची खिडकीकडे सरकलेली. ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं, आणि मी आत आले की ते मावळायचं. दार लोटून घ्यावं तसा चेहरा व्हायचा. हंसाबेन माझी नजर चुकवून चपला घालायची. मग एकदा ह्यांच्या शर्टावर मला खाकऱ्याचा चुरा सापडला. खाकरा! ज्या माणसाला पाणी पिताना ठसका लागतो, ज्याला मी भात मऊ करून भरवते, त्याला ह्या बाया कोरडा खाकरा देतात? पुढच्या बुधवारी मी जयंतीभाईंना म्हटलं, मला जरा बरं वाटत नाही, आणि लवकर निघाले. शेजारीण थांबली त्यांच्यापाशी. मी माझ्याच घराचं दार चोरासारखं उघडलं आणि पॅसेजमध्ये उभी राहिले. आतून आवाज आला. "अजू...न. एक." पुरुषाचा आवाज. जाडा, तुटका, पण आवाज ह्यांचाच. किती महिन्यांनी ऐकत होते मी तो! हंसाबेन काहीतरी म्हणाली, आणि मग पुन्हा तोच आवाज, शब्द शोधत शोधत, "सु...नंदा...ला... नको." "नाही सांगणार, सुधाकरभाई," हंसाबेन म्हणाली. "विजूबेनने पण सांगितला ना, नाही सांगायचा."

मी दार ओढून घेतलं आणि तशीच नाहूरला गेले. विजूताई भाजी घेऊन येत होती, तिला गल्लीतच गाठलं. "माझ्या नवऱ्याचा आवाज तुम्ही माझ्यापासून लपवलात?" रस्त्यात माणसं थांबून बघत होती, मला कशाचीही पर्वा नव्हती. ती नाही म्हणेल, सारवासारव करेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "लपवलंय. तो नको म्हणालो म्हणान लपवलंय." कशासाठी नको म्हणाले, असं मी ओरडलेच. तेव्हा तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "अगो, जलमभर तुझ्या चुका काढल्यान तेणी. आता अर्धो अर्धो शब्द घेऊन तुझ्यासमोर कसो येतलो? हंसाबेनचा काय, ती परकी. तिच्याकडे चुकलो तर लाज नाय." मी म्हटलं, बायकोपेक्षा परकी बाई जवळची झाली का? "जवळची नाय गो. लांबची, म्हणानच." हे मला त्या दिवशी पटलं नाही आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. नवरा माझा, त्याची वाचा परत आली हे कळायचा पहिला हक्क माझा. तो हक्क तिनं परस्पर दुसऱ्याला दिला. तिच्या आठवणींचा लेख लिहायला बसले म्हणून तिला या बाबतीत माफ केलं असं कोणी समजू नये. खाकऱ्याबद्दल मात्र मी तिला तिथेच धारेवर धरलं, आणि व्यायाम शिकवायला येणारी मुलगीसुद्धा नंतर तिच्यावर कडाडली, की अशा पेशंटला कोरडं देतात का, छातीत गेलं असतं म्हणजे? विजूताईनं कान पकडले. खाकरा बंद होऊन दुधात भिजवलेलं बिस्किट आलं. डाव्या हाताने.

"तो आपसूक बोलात तुझ्याशी," ती म्हणाली होती. "त्येचा शब्द तू पुरो करू नको. थांब." मी थांबले. ह्यांचा आवाज परत आलाय हे मला माहीत आहे, हे मी कळू दिलं नाही. माझ्या वाट्याला मानेनेच 'हो' आणि 'नको', तेवढंच येत राहिलं, आणि बुधवारी माझ्यामागे घरात हंसाबेनशी, अधूनमधून डोकावणाऱ्या विजूताईशी गप्पा चालत राहिल्या. या बाईवर रुसून मी बदली सोडेन असं वाटलं होतं, पण तिनं मला सोडलंच नाही. उलट माझ्या स्वभावाचाच उपयोग करून घेतला. कुठल्या घरून 'सगळं एकदम झकास आहे' असा निरोप आला, की ती म्हणायची, "झकास म्हणतत? मगे सुनंदाक धाडा." मी जायची, चहा घ्यायची आणि सांगितलेल्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवायची नाही. भांडुपच्या एका घरात मुलगा कौतुकाने म्हणाला, बाबांचं बीपी आता अगदी नॉर्मल आलंय. मी विचारलं, मग गोळी चालू आहे ना? तो म्हणाला, "नॉर्मल आल्यावर गोळी कशाला, आंटी? बंद केली ना." घरोघरी मातीच्या चुली! मी तिथूनच विजूताईला फोन लावला आणि त्या मुलाच्या कानाला लावला. पलीकडून ती काय बोलली कोण जाणे, पण मुलगा चप्पल घालून डॉक्टरांकडे धावला. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "भली माणसा खूप मिळतत गो. संशयी माणूस मिळणा नाय." ही स्तुती होती की टोमणा, ते मी विचारलं नाही.

संशय तर मला तिच्याबद्दलही होताच. आम्ही सगळ्यांनी आपापली घरं तिच्यासमोर उघडी टाकली होती. कोणाच्या सुनेचं काय, कोणाचा पलंग कुठे, कोण रात्री रडतं, हे तिला ठाऊक. पण तिच्या घरी गेलं की बाहेरच्या खोलीत बसायचं. आतल्या खोलीचं दार कायम लोटलेलं. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, आत कोणीतरी आहे. अंथरुणाला खिळलेला भाऊ असेल, किंवा ज्याचं नाव ती घेत नाही असा कोणी. नाहीतर लग्न न केलेली, पेन्शन घेणारी बाई भर उन्हात लोकांच्या घरच्या पेशंटांमागे का फिरेल? काहीतरी कारण असतंच की. विनाकारण कोणी काही करतं, हे मी माझ्या एवढ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी ह्यांना 'भाजीला जाऊन येते' असं सांगून नाहूरला गेले. तिची वहिनी तिच्यासोबत राहायची. विजूताईला स्वतःलाही बीपी होतं, म्हणून मी आधी विचारलं, त्या गोळी वेळेवर घेत होत्या का? वहिनीने गोळ्यांचं पाकीटच आणून दाखवलं, गेली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रिकामं झालेलं. माझा तो संशय फुकट गेला. मग मी आतल्या खोलीकडे बघितलं. वहिनीच्या लक्षात आलं. तिनं दार उघडलं. लोखंडी खाट, झाकण घातलेली शिलाई मशीन, जुन्या साड्यांचं बोचकं, कोपऱ्यात कोकमाच्या सोलांची बरणी. बस्. "आत काय बघतंस?" वहिनी म्हणाली, "पसारो तो. पसारो दाखवूक लाजायची." मी विचारलं, तुमच्या घरी कोणाला लकवा झाला होता का? "नाय गो. आमचे सगळे हार्टानच गेले." मग ही हे सगळं कशासाठी करायची? वहिनी म्हणाली, "रिटायर झाली तशी दुपारचा करमायचा नाय तिका. निजाची पण सवय नाय. मगे जायची खंय तरी." एवढंच. दुपारी करमायचं नाही! मी त्या खाटेवर बसले आणि मला एकदम भडभडून आलं. इतके महिने मी या दाराआड काहीतरी असेल म्हणून झुरत होते, आणि आत उघडीवाघडी एक खोली होती, त्यातली बाई गेलेली. ती मला फार आवडत होती. हे तिच्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं की नाही, ते जाऊ दे.

आणि तरीही मी ह्यांना सांगितलं नाही. पेशंटला असल्या बातम्या सांगू नयेत, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बीपी वाढेल, पुन्हा झटका येईल, आणि मग धावायचं कोणाकडे? विजूताई तर गेली! हंसाबेनलाही मी बजावून ठेवलं, या आठवड्यात येऊ नकोस, तुझे डोळे बघून त्यांना कळेल. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा लपवीन. पण बुधवार काही लपत नाही. दुपार झाली तसे हे खिडकीशी सरकून बसले. खालून गेट वाजलं की मान वळायची. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "हंसाबेनकडे पाहुणे आलेत. आणि विजूताई गावी गेल्यात, मालवणला. जत्रा आहे वाटतं." मी मान वर केली नाही. मग घशातून तो आवाज सुरू झाला, मी पॅसेजमध्ये ऐकला होता तो... "खो..." म्हणाले. थांबले. "खोटं." मी वर बघितलं. "खोटं... बोलतेस... तू."

झटक्यानंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं धड वाक्य हे. वाचणाऱ्याला वाटेल मी आनंदाने रडले असेन. रडले, पण नंतर. आधी मी सांगून टाकलं, "विजूताई गेली. झोपेतच गेली." ह्यांनी डोळे मिटले. पुष्कळ वेळाने डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं आणि रागही होता. "मला... का... नाही... सांगितलं?" झालं, माझाही बांध फुटला. "तुम्ही तरी मला कुठे सांगितलं होतंत? त्या हंसाबेनशी बोलत होतात, विजूताईशी बोलत होतात, आणि मी काय दाराबाहेरची? सगळं ऐकलंय मी! 'सुनंदाला नको' म्हणे!" ह्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. "तू..." म्हणाले. "तू... तू..." आणि शब्द अडकला. त्या 'तू'पुढे काय येणार याचा मला अंदाज होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असतोच. आणि माझं उत्तरही जिभेवर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण त्यांचं वाक्य अजून व्हायचं होतं. म्हणून मी भाजीचं ताट बाजूला ठेवलं, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले, आणि थांबले.